रेघेतून उमटलेला सूर

रांगोळीच्या रेघेतून सूर ऐकू आला तर? वेडेपणा वाटेल, पण इंग्लंडमधल्या एका बाईनं अगदी असंच काहीतरी करायचं मनावर घेतलं होतं. डॅफ्ने ओरम तिचं नाव, जन्म १९२५ चा. संगीताच्या नामांकित कॉलेजातली जागा सोडून ही मुलगी १९४३ मध्ये बीबीसीत नोकरीला लागली. महायुद्धाचे दिवस. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल चालू असताना तीच रचना रेकॉर्डवर बरोबरीनं चालू ठेवायची, हे तिचं एक काम. बाँबमुळे मैफल थांबली तरी रेडिओवरचं संगीत थांबू नये म्हणून!

वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर १९५८ मध्ये बीबीसीनं विद्युत-ध्वनींची कार्यशाळा काढली. ओरम तिच्या संस्थापकांपैकी एक. पण वर्षाच्या आतच तिनं नोकरी सोडली आणि केंटमधल्या एका जुन्या वास्तूत स्वतःचा स्टुडिओ थाटला. बाईमाणसानं पक्की नोकरी सोडून असले उद्योग करायचे म्हणजे तिथंही लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना तुम्हीआम्ही करू शकतो.

तिच्या यंत्राचं नाव ‘ओरॅमिक्स’. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या दहा पारदर्शक पट्ट्या एकीशेजारी एक लावलेल्या. त्यावर तिनं काळे ठिपके, रेघा, चढउतार काढायचे. पट्ट्या पुढे सरकल्या की रेघ जिथं जाड तिथं उजेड कमी पोहोचायचा, आणि उजेड ओळखणारे भाग त्या कमीजास्तपणाचं विजेत रूपांतर करायचे. एका पट्टीवरून सुराची उंची ठरे, दुसरीवरून आवाज किती मोठा, तिसरीवरून कंप. नाद बासरीसारखा गोल की सनईसारखा धारदार, हे काचेवर वेगळ्या काढलेल्या आकारावरून ठरायचं. म्हणजे वादकाशिवाय, केवळ हातानं काढलेल्या चित्रातून गाणं! गुल्बेन्कियन फाउंडेशननं १९६२ आणि १९६५ मध्ये पैसे दिले म्हणून हे निभावलं.

पुढे १९७० च्या दशकात तिनं याचंच छोटं भावंड आखायला घेतलं, ‘मिनी-ओरॅमिक्स’. इतरांनाही वापरता यावं असं. ते मात्र कागदावरच राहिलं. ती २००३ मध्ये गेली. मागे राहिले ध्वनिफिती, आराखडे, टिपणं यांचे ढीग. ते लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयानं जपले. मूळ यंत्र २०११ मध्ये तिथल्या विज्ञान संग्रहालयानं लोकांपुढे मांडलं, पण इतकं नाजूक झालेलं की चालवून बघायची सोय नाही. आवाजासाठी जन्मलेली वस्तू मुकी!

टॉम रिचर्ड्स या संशोधकानं तिचे कागद चाळून २०१६ मध्ये ‘मिनी-ओरॅमिक्स’ प्रत्यक्ष उभारलं. अर्धवट कागदांवरून काम करणं किती जिकिरीचं असतं ते मला ठाऊक आहे. बचतगटाच्या कामानं फिरताना मी म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या उतरवून घेते. शब्द वहीत येतात हो, पण चाल? श्वास कुठं घ्यायचा ते? कागदावर नसलेलं बरंच काही करणाऱ्याच्या हातातच असतं. ते आता विचारायचं कुणाला?

रिचर्ड्सनी स्वतःला एक अट घातली. आपण १९७३ सालात आहोत असं समजून, त्या काळी मिळत असलेल्या तंत्रज्ञानाच्या मर्यादेतच यंत्र बनवायचं. मला ही अट फार आवडली. आजचा संगणक आत बसवला असता तर काम कदाचित सोपं झालं असतं, पण ते यंत्र तिचं राहिलं नसतं. यंत्र वाजतं झाल्यावर आजच्या काही संगीतकारांना त्यावर रचना करायला बोलावलं गेलं. तिचा आराखडा कागदावरून उठून खरंच चालतो, हे असं सिद्ध झालं.

तिची आणखी एक गोष्ट कागदांत अडकली होती. ‘स्टिल पॉइंट’ ही वाद्यवृंद आणि रेकॉर्ड यांची एकत्र रचना तिनं १९४९ च्या सुमारास लिहिली, तेव्हा बीबीसीनं ती नाकारली. शिवा फेशारेकी आणि जेम्स बुली यांनी कागद जुळवून ती २०१६ मध्ये वाजवली. नंतर आणखी कागद हाती आले. मग सुधारून पुन्हा वाजवली ती २०१८ मध्ये, बीबीसीच्याच संगीत महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये.