पडून असलेल्या यंत्राचा जमाखर्च

दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहिलेला माल हाडाच्या व्यापाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. त्यात भांडवल अडकलेले असते, जागा अडलेली असते आणि वर्ष सरेल तशी त्याची किंमत उतरत जाते. म्हणूनच दिवाळीपूर्वी मालाची मोजदाद करताना जाणता व्यापारी प्रत्येक जुन्या वस्तूपाशी थांबून एकच प्रश्न विचारतो: ही कामाची आहे, की केवळ मोहापोटी ठेवलेली आहे? सांगलीत चाळीस वर्षे ऑईल इंजिनच्या सुट्या भागांचे दुकान चालवलेल्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न अमेरिकेतील ओहायो राज्यात, मुलाच्या घरामागील शेडमध्ये, एका जुन्या बागेच्या ट्रॅक्टरला विचारला. त्याचे उत्तर मिळायला सबंध उन्हाळा लागला.

मुलाने ते घर आदल्याच वर्षी घेतले होते. घराभोवती अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे जागा. बहुतेक गवत, कडेला मेपलची झाडे आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत येणारी लांब वाट. आधीच्या मालकाने शेडमधील सामान तसेच सोडून दिले होते. त्यात धुळीने माखलेला, टायर बसलेला, पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा एक छोटा ट्रॅक्टर होता. तो भंगारात देण्याचे मुलाने ठरवले होते. मे महिन्यात आईवडील सहा महिन्यांसाठी आले. अण्णा शेडमध्ये गेले, त्यांनी रुमालाने ट्रॅक्टरवरील नाव पुसून वाचले आणि मुलाला म्हणाले, "आठ दिवस थांब. काय टाकतोय ते तरी कळू दे."

ते यंत्र साधेसुधे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरांच्या नव्या वसाहती पसरल्या. तेथील मोठ्या अंगणांना शेतातला ट्रॅक्टर फार मोठा आणि हाताने ढकलायचे गवतयंत्र फार लहान पडू लागले. ही मधली गरज अनेक कारखानदारांनी हेरली. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी १९४७ पासून केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे 'कब' नावाचा लहान शेती-ट्रॅक्टर बनवत होती. त्याच कारखान्यातून पुढे 'कब कॅडेट' हा बागेचा ट्रॅक्टर निघाला. १९६१ सालच्या त्या पहिल्या ट्रॅक्टरला कोलर कंपनीचे ७ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन होते. १९६३ मध्ये जॉन डीअरने आपला '११०' बाजारात आणला. त्याच वर्षी कब कॅडेटचे '७०' आणि '१००' हे ट्रॅक्टरही आले. शेडमधला ट्रॅक्टर '१००' होता. इंजिन १० अश्वशक्तीचे, बिडाचे. आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पट्ट्याऐवजी शाफ्टने पोचवणारी रचना. नुसते गवत कापणाऱ्या आजच्या हलक्या यंत्रांहून ही जात निराळी. ती ओझे ओढण्यासाठी, बर्फ लोटण्यासाठी आणि प्रसंगी लहान नांगर चालवण्यासाठी घडवलेली होती.

अण्णांनी वही मागितली आणि तिची दोन पाने आखली. जमेच्या बाजूला लिहिले: बिडाचे इंजिन शाबूत, फ्लायव्हील हाताने थोडे हलते, म्हणजे इंजिन जाम नाही, कंपनीने हा धंदा १९८१ मध्ये विकून टाकला असला तरी सुटे भाग आजही मिळतात. नावे बाजूला लिहिले: टायर, बॅटरी, इंधनाच्या नळ्या, आणि गवत कापणाऱ्या पात्यांवरचे पत्र्याचे झाकण गंजून आरपार भोके पडलेले. त्याखाली दोन नियम लिहिले गेले. पहिला, नव्या साध्या ट्रॅक्टरला जेवढे पैसे पडतील त्याच्या निम्म्याहून अधिक खर्च करायचा नाही. दुसरा, यंत्राला काम कोणते द्यायचे ते आधी ठरवायचे आणि त्या कामाला लागेल तेवढेच दुरुस्त करायचे.

हा दुसरा नियमच सगळ्यांत मोलाचा ठरला. घराची वर्षभराची कामे मोजली तेव्हा ती चार निघाली: गवत कापणे, शरद ऋतूत पडणाऱ्या मेपलच्या पानांचे ढीग वाहून नेणे, माती आणि लाकडाचा भुसा ओढणे, आणि हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ बाजूला करणे. गवतासाठी घरात विजेचे लहान यंत्र होतेच. गंजलेल्या झाकणातून दगड गोळीसारखा उडू शकतो. तेव्हा ते झाकण दुरुस्त न करता काढूनच टाकले. बर्फासाठी मात्र दर हिवाळ्यात बाहेरच्या माणसाला पैसे मोजावे लागत होते. तेव्हा ओढणे आणि लोटणे एवढीच कामे ट्रॅक्टरला द्यायची ठरली. नांगरणीचा विचार आईंनी हसत हसतच बाद केला. जमिनीतील जीवांना त्रास देऊन भाजी पिकवण्याइतकी या घरात भाजीची टंचाई नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी काम थांबले. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो आणि पत्र्याचे वेष्टन ती हवा सिलिंडरच्या पातळ पंखुड्यांवरून फिरवते. शेडमध्ये पडून राहिलेल्या यंत्राचे हे वेष्टन उंदरांना फार आवडते. ते न उघडता इंजिन सुरू केले तर घरट्याने हवेची वाट बंद होते आणि इंजिन तापून निकामी होते. अण्णांनी वेष्टन उघडले. आत कापूस आणि गवताचे घरटे होते, आणि घरट्यात डोळे न उघडलेली पिल्ले होती. नातू गप्प झाला. आईंनी फक्त विचारले, "किती दिवस लागतील यांना?" उंदराची पिल्ले साधारण तीन आठवड्यांत आईच्या दुधावाचून राहू लागतात. वेष्टन हलकेच परत ठेवले गेले. वर्षानुवर्षे थांबलेले यंत्र आणखी तीन आठवडे थांबले.

त्या तीन आठवड्यांत मागच्या बाजूची कामे उरकली, आणि ती आधी झाली हे बरेच झाले. कारण चालू न होणाऱ्या यंत्रापेक्षा न थांबणारे यंत्र अधिक धोक्याचे. ट्रॅक्टर विटांवर न चढवता लोखंडी घोड्यांवर टेकवला. गिअरबॉक्सचे तेल काढले तर ते ताकासारखे पांढुरके निघाले. गिअरच्या दांड्याभोवतालच्या रबरी टोपीला चीर पडली की तेथून पाणी झिरपते आणि तेलात मिसळून त्याचा असा रंग होतो. तेल बदलले, टोपी नवी घातली. ब्रेक उघडून साफ केले. टायर बदलले.

पिल्ले निघून गेल्यावर इंजिनाची पाळी आली. सिलिंडरच्या पंखुड्या ब्रशने साफ झाल्या. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवले. दाब चांगला होता. इथपर्यंतचे सारे अण्णांच्या ओळखीचे होते. हँडल मारून सुरू करायची किर्लोस्कर इंजिने त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेली की इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाला कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट लागतात. चाळीस वर्षांच्या अनुभवाला हे प्रकरण नवीन होते. मग चौदा वर्षांच्या नातवाने जुनी पुस्तिका मिळवली. तो वाचून सांगू लागला आणि आजोबा त्याप्रमाणे करू लागले. पॉइंटवर गंजाचा थर साचला होता. तो बारीक पॉलिश पेपरने काढला आणि फीलर गेजने त्यांच्यातील अंतर एका इंचाच्या वीस सहस्रांशांवर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर आणले. अंधारात प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी दिसली तेव्हा अधिक आनंद कोणाला झाला, हे सांगणे अवघड होते.

टाकीत उरलेल्या पेट्रोलचा चिकट राप झाला होता. कार्बोरेटर उघडून त्याची सूक्ष्म भोके साफ करावी लागली. अमेरिकेत बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि भारतात आता २० टक्क्यांचे मिळू लागले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून नळ्या आजच्या इंधनाला टिकतील अशा घातल्या. पावसाळाभर बंद राहणारा आपल्याकडचा पंप असो, फवारणी यंत्र असो की पॉवर टिलर. बंद ठेवण्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करण्याची सवय इथेही तेवढीच उपयोगी आहे.

इंजिनातले तेल बदलताना अण्णांनी नातवाला एक गोष्ट समजावली. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेला लहानसा पळीसारखा भाग प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडतो आणि ते सगळीकडे उडवतो. तेल कमी झाले, किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर फार वेळ कलता राहिला, की पळीला तेल लागत नाही आणि रॉड तुटतो. म्हणून कामाआधी दर वेळी तेल पाहायचे. दुकान उघडण्यापूर्वी झाडलोट करावी तसेच हे.

जुलैच्या एका सकाळी ट्रॅक्टर अंगणात ढकलत आणला. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचे नाही. त्याच्या धुरातील विषारी वायूला ना रंग असतो ना वास. किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकले, काळा धूर सोडला आणि सुरू झाले. अर्ध्या मिनिटाने अण्णांनी ते बंद केले आणि गळती पाहायला खाली वाकले.

त्या आठवड्यातच नको ते होता होता टळले. मुलाने किल्ली फिरवली तेव्हा ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला होता. तो झटक्यासरशी पुढे उडी मारून कुंपणाला जाऊन भिडला. समोर बसून चाक पाहणारे अण्णा क्षणभरापूर्वीच पाना आणायला उठले होते. सगळे निमूटपणे घरात आले. त्या रात्री मुलगा म्हणाला, "अण्णा, हे भंगारातच द्यायला हवे होते." अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. सकाळी त्यांनी वही उघडली आणि नावे बाजूला नवी ओळ लिहिली: 'हे यंत्र आपली चूक पोटात घालत नाही.'

नव्या ट्रॅक्टरवरून चालक उठला की यंत्र आपोआप थांबते. क्लच दाबल्याशिवाय ते सुरूही होत नाही. या ट्रॅक्टरवर ती सोय उरलेली नव्हती. पुढचे काम त्याच ओळीवरून ठरले. माणूस उठताच कॉइलचा वीजपुरवठा तुटेल असा स्विच सीटखाली बसवला आणि क्लचच्या पेडलापाशी दुसरा. ही जोडणी जाणकार मेकॅनिककडून तपासून घेतली. शेडच्या दारावर नियमांचा कागद लागला: सुरू करण्याआधी गिअर मोकळा; समोर कोणी उभे राहायचे नाही; उतारावर आडवे न जाता सरळ वर किंवा सरळ खाली; मागे किंवा मांडीवर मूल बसवायचे नाही.

शेवटचा नियम नातवाला लागला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था बसून चालवायच्या गवतयंत्रासाठी किमान सोळा वर्षांचे वय सांगते. निम्मे यंत्र त्याच्या हातांनी उभे राहिले होते आणि चालवायचे मात्र दुसऱ्यांनी, याचे त्याला वाईट वाटले. अण्णांनी त्याची समजूत घातली नाही. एवढेच सांगितले, की वडिलांच्या दुकानात ते लहानपणापासून माल उचलत होते, पण तिजोरीची किल्ली हाती पडली ती पंचविसाव्या वर्षी. तोवर हिशेबाची वही मात्र त्यांच्याकडे होती. त्या दिवसापासून ट्रॅक्टरची वही नातवाकडे आली.

ऑगस्टमध्ये एका शेजाऱ्याने तसाच दुसरा, बंद पडलेला ट्रॅक्टर फुकट देऊ केला; सुट्या भागांसाठी उपयोगी पडेल म्हणून. जुन्या यंत्रांच्या नादात माणूस अडकतो तो इथेच. एकाचे दोन होतात, दोनाचे पाच, आणि शेडमध्ये पुन्हा पडून असलेला माल साचतो. एक बोल्ट हवा म्हणून कोणी दुकान विकत घेत नाही, असे म्हणून अण्णांनी तो नम्रपणे नाकारला. नव्या रंगाचा नातवाचा आग्रहही मागे पडला. रंग सर्वांत शेवटी, असे ठरले होते आणि शेवट आला तेव्हा मेपलची पाने गळू लागली होती. मागे गाडी जोडून ट्रॅक्टर कामाला लागला.

अण्णा आणि आई नोव्हेंबरमध्ये सांगलीला परतले. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. मुलाने समोर लोखंडी पाते आणि मागच्या चाकांना साखळ्या लावल्या, तेल पाहिले, गिअर मोकळा केला आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली. मग शेजारच्या वृद्ध जोडप्याचीही केली. नातू खिडकीतून वेळ पाहत होता. रात्री सांगलीला फोन गेला तेव्हा अण्णांनी यंत्राची विचारपूस न करता वही वाचून दाखवायला सांगितले. नातवाने वाचले: 'जमा: दोन घरांची वाट, पन्नास मिनिटे. नावे: पेट्रोल अर्धी टाकी. तेल बरोबर. गळती नाही.'

"आता ती शेडमधली ओळ खोड," अण्णा म्हणाले.

मे महिन्यातल्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, त्यांनी एक शब्द लिहून ठेवला होता: भंगार? नातवाने तो खोडला.