यंत्राला दोष देण्यापूर्वी

दमणगंगेच्या काठी वसलेल्या राखोली गावात आज शेतीच्या जोडीला कारखान्यांचे भोंगेही वाजतात. तेथील एका परिचित कुटुंबाकडे आम्ही रविवारच्या जेवणास गेलो होतो. मुलगा कारखान्याच्या बॉयलर विभागात, सूनबाईही पाळीवर जाणाऱ्या; त्यामुळे घरातील भांड्यांचा सारा भार सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर. त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून मुलाने व सुनेने भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, हप्त्यांनी घेतले होते. परंतु चार महिन्यांतच पेल्यांवर पांढरी झाक, ताटांना वरणाचा लेप आणि वाट्यांच्या कडांना हळदीची रेघ राहू लागली. सासूबाई ती भांडी मुकाट्याने पुन्हा घासू लागल्या.

“यापेक्षा माझी राख आणि काथ्या काय वाईट होता?” त्या आम्हांस म्हणाल्या. सूनबाईंचे डोळे भरून आले. “आई, अजून आठ हप्ते फिटायचे आहेत हो!” एवढेच त्या म्हणाल्या. यंत्र स्वयंपाकघरात उभे होते. पण घरातला जिव्हाळा मात्र त्याच्यापायी झिजू लागला होता.

वाचकहो, या यंत्राचे मूळ तत्त्व ध्यानी घेतले, तर निम्मे कोडे सुटते. अमेरिकेतील जोसेफीन कॉक्रन या बाईंना २८ डिसेंबर १८८६ रोजी आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. भांडी ब्रशाने न घासता जाळीत रचावयाची आणि त्यांवर पाण्याचा जोरदार मारा करावयाचा, ही त्यांची युक्ती. आजही तत्त्व तेच आहे. यंत्राला हात नाहीत. पाणी हेच त्याचे हात. जेथे पाणी पोहोचत नाही, तेथे खरकटे राहणारच.

म्हणून जेवण आटोपल्यावर आम्ही सर्वांनी मिळून पाण्याचा मार्ग तपासला. तळाची गाळणी फिरवून बाहेर काढली, तो तिच्यात भाताची शिते, मिरचीचे देठ आणि तुपाचा थर! तेच पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर उडत होते. ही गाळणी आठवड्यातून एकदा तरी मऊ ब्रशाने धुतली पाहिजे. नंतर पाणी फवारणारे फिरते पंखे पाहिले. त्यांच्या दोन छिद्रांत जिरे अडकले होते. ते टाचणीने काढले. शिवाय उभा ठेवलेला लांब डाव खालच्या पंख्याला अडत असे. भांडी भरल्यावर पंखा हाताने एकदा फिरवून पाहावा. ताटे एकमेकांस चिकटवू नयेत, वाट्या पालथ्या व किंचित तिरप्या ठेवाव्यात. खरकटे काढून टाकावे, परंतु भांडी आधीच विसळून चकचकीत करण्याचे कारण नाही.

मग पाण्याचा जोर. टाकीची उंची दहा मीटर असली, म्हणजे नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. बैठ्या घराच्या छपरावरील टाकी जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. कित्येक यंत्रांना तो अपुरा पडतो. यंत्राच्या पुस्तिकेत लागणारा दाब दिलेला असतो. कमी पडल्यास टाकी उंच करावी किंवा लहान पंप बसवावा. नळाकडील नळीच्या तोंडाची बारीक जाळीही गाळाने तुंबते, ती साफ करावी.

राहिली पेल्यांवरची पांढरी झाक. एका पेल्याला लिंबाचा रस चोळला, तो झाक निघाली. म्हणजे तो क्षार होता. (रसाने झाक न गेल्यास काचच झिजली असे समजावे, तिला उपाय नाही.) घराला पाणी कूपनलिकेचे. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाचे बळ खर्ची पडते. ते पाणी मऊ करण्यासाठी या यंत्राच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. ते क्षार धरून ठेवतात, आणि मिठाचे पाणी फिरले की पुन्हा ताजेतवाने होतात.

“मिठाचा कप्पा केव्हा भरला होता?” असे आम्ही विचारताच चिरंजीव चपापले. बॉयलरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून कारखान्यात हेच काम ते रोज करतात. आणि घरचा कप्पा चार महिने कोरडा! दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रासाठी मिळणारे जाड, शुद्ध मीठ आणले. जेवणातले बारीक मीठ येथे चालत नाही. सांडलेले मीठ पुसून लगेच यंत्र चालवले, म्हणजे पोलाद गंजत नाही. पाण्याच्या जडपणाचा आकडाही पुस्तिकेप्रमाणे लावला.

आणखी दोन गोष्टी. तेलकट भांड्यांना ६५ ते ७० अंशांचे गरम पाणी लावावे, आणि पावडर यंत्राचीच वापरावी. हाताने घासण्याच्या साबणाचा फेस होऊन पाण्याचा मारा मंदावतो. लोखंडी तवा, पितळ, लाकडी लाटणे आणि ॲल्युमिनियमचे पातेले हातानेच घासावे.

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. पेले स्वच्छ होते. करपलेली दुधाची कढई मात्र सासूबाईंनी काथ्यानेच घासली, आणि ते योग्यच. गाळणी धुण्याचे व मीठ भरण्याचे काम आता चिरंजीवांनी पत्करले आहे. “सूनबाईंना उगीच बोलले मी,” असे म्हणून सासूबाईंनी स्वच्छ पेल्यातील पहिला चहा सुनेच्या हाती दिला.