एका डावात दहा बळी (महाराष्ट्र)

एका डावात दहा बळी हा क्रिकेटमधील गोलंदाजीचा दुर्मिळ विक्रम आहे. प्रतिस्पर्धी संघाचे दहाही फलंदाज एकाच गोलंदाजाने बाद केले, तरच तो पूर्ण होतो. धावचीत झालेल्या फलंदाजाचा बळी गोलंदाजाच्या नावे लागत नाही, त्यामुळे एक चोरटी धाव फसली तरी विक्रम हुकतो. बेसबॉलमधील 'नो-हिटर'शी याची तुलना केली जाऊ शकते. मात्र नो-हिटर अनेक पिचर मिळूनही साधू शकतात, दहा बळींत वाटेकरी नसतो.

पूर्वपीठिका

महाराष्ट्राच्या भूमीवर हा पराक्रम प्रथम पुण्यात झाला. १९१८-१९ च्या हंगामात कूचबिहारच्या महाराजांच्या संघाकडून खेळताना ऑस्ट्रेलियाचे फ्रँक टॅरंट यांनी लॉर्ड विलिंग्डन यांच्या संघाचे दहा बळी ९० धावांत घेतले.

सुभाष गुप्ते

मुंबईचे लेगस्पिन गोलंदाज सुभाष गुप्ते (१९२९–२००२) हे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दहा बळी घेणारे पहिले भारतीय होत. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईकडून खेळताना त्यांनी पाकिस्तान सर्व्हिसेस व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध ७८ धावांत १० बळी मिळवले.

कसोटीतही ही संधी त्यांच्या अगदी हाताशी आली होती. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. उरलेले फलंदाज लान्स गिब्स यांचा झेल गुप्ते यांच्याच गोलंदाजीवर यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला आणि पुढे वसंत रांजणे यांनी गिब्स यांना बाद केले. ताम्हाणे हे त्या काळातील निष्णात यष्टिरक्षक मानले जात, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

गुप्ते यांनी ३६ कसोटींत १४९ बळी घेतले. १९६१ मध्ये दिल्ली कसोटीच्या वेळी खोलीतील सहकारी खेळाडूने हॉटेलच्या कर्मचारी महिलेला दूरध्वनी केल्याचे प्रकरण झाले. त्यात गुप्ते यांचा सहभाग नसतानाही दोघांना संघाबाहेर ठेवण्यात आले. वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे ते त्रिनिदादला स्थायिक झाले. गारफील्ड सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर मानत.

रणजी करंडक

रणजी करंडक ४२ वेळा जिंकूनही त्या स्पर्धेत मुंबईच्या एकाही गोलंदाजाच्या नावे दहा बळी नाहीत. अंकित चव्हाण यांनी २०१२-१३ मध्ये पंजाबविरुद्ध २३ धावांत ९ बळी घेतले होते. स्पर्धेतील हा मान बंगालचे प्रेमांग्शू चॅटर्जी (२० धावांत, १९५६-५७), राजस्थानचे प्रदीप सुंदरम (१९८५-८६) आणि हरियाणाचे अंशुल कंबोज (४९ धावांत, २०२४-२५) यांच्याकडे जातो. सुंदरम यांनी हे बळी विदर्भाविरुद्ध, गुप्ते यांच्याप्रमाणेच ७८ धावांत घेतले, हा योगायोग.

एजाज पटेल

वानखेडे मैदानावर ४ डिसेंबर २०२१ रोजी न्यूझीलंडचे डावखुरे फिरकी गोलंदाज एजाज पटेल यांनी भारताचे दहाही बळी ११९ धावांत टिपले. जिम लेकर (१९५६) व अनिल कुंबळे (१९९९) यांच्यानंतर कसोटीत असे करणारे ते तिसरे गोलंदाज. पटेल यांचा जन्म मुंबईचाच. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब न्यूझीलंडला स्थलांतरित झाले. भारताने त्या डावात ३२५ धावा केल्या. उत्तरादाखल न्यूझीलंडचा डाव ६२ धावांत आटोपला आणि संघ ३७२ धावांनी हरला. तो चेंडू पटेल यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयासाठी दिला. मायदेशातील पुढच्याच कसोटी मालिकेसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवरच त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले. त्या वेळी न्यूझीलंड २५ धावांनी विजयी झाला.

सहकाऱ्यांचा वाटा

दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी गोलंदाजी करणे अपरिहार्य असते आणि त्याने बळी न मिळवणे हीसुद्धा विक्रमाची अटच आहे. दिल्लीत कुंबळे यांचे नऊ बळी झाल्यावर जवागल श्रीनाथ यांनी यष्टींपासून दूर चेंडू टाकले, ते याचसाठी. मर्यादित षटकांच्या खेळात तर प्रत्येकाच्या षटकांनाच मर्यादा असते. मुंबईच्या मैदानांपासून अलिबाग-किहीमच्या किनाऱ्यापर्यंत रंगणाऱ्या टेनिस चेंडूच्या झटपट सामन्यांत गोलंदाजाच्या वाट्याला मोजकीच षटके येतात; तेथे दहा बळींचा विचारही संभवत नाही.