पावसाळ्यात सिगडी सांभाळा

रमजानच्या रात्री सीख कबाबची हातगाडी लावणारे, बकरी ईदला सिगड्या भाड्याने देणारे आणि त्या पत्र्यापासून बनविणारे लोहार असे आपले अनेक बांधव सिगडीवर पोट भरतात. मात्र हंगाम संपला की हीच सिगडी राखेसकट गल्लीच्या कोपऱ्यात पडून राहते. पुढच्या हंगामात ती बाहेर काढावी तर तळाला भोके पडलेली असतात आणि कमाईतले पैसे पुन्हा नव्या सिगडीत जातात.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा १० ते ११ दिवसांनी लहान असल्याने आपला हंगाम सरकत असतो. २०१४ साली रमजान ऐन जुलैत होता, तेव्हा सिगडी पावसाळ्यातही पेटती राहिली. २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला आणि बकरी ईद ७ जूनला झाली. ईद अशी पावसाच्या तोंडावर आली की त्यानंतर सिगडी सबंध पावसाळा थंड पडून राहते. म्हणून ती ठेवण्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे.

राख हीच खरी वैरी

लोखंड पाण्याने गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. पण छपराखाली ठेवलेली सिगडीही का गंजते? कारण तिच्यातली राख. राखेतील क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. मसाल्यातले मीठ चरबीबरोबर गळून त्यात मिसळलेले असते. हा ओला थर पत्र्याला चिकटून राहतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. शिवाय चरबीच्या वासाने उंदीर व झुरळे येतात, ते वेगळेच.

स्वच्छता कशी करावी?

शेवटच्या दिवशी माल संपल्यावर सिगडी थोडा वेळ रिकामी पेटती ठेवावी, म्हणजे चरबी जळून जाते. तापलेल्या सिगडीवर पाणी ओतू नये. पत्रा वाकतो, बिडाची जाळी तडकते. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून राख लोखंडी घमेल्यात काढावी, गोणीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत कधीही नको.

थंड झाल्यावर कोपरे खरवडून तारेच्या ब्रशने घासावे. ब्रशची तुटलेली तार जाळीत अडकून गिऱ्हाईकाच्या घासात जाऊ शकते, म्हणून नंतर फडक्याने पुसलेच पाहिजे. धुवायची झाल्यास धुतल्यावर लगेच थोडे कोळसे पेटवून सिगडी वाळवावी. मग ती कोमट असतानाच खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जवसाचे तेल उत्तम, कारण ते वाळून पापुद्रा धरते. तेल जाड लावल्यास ते चिकट होते. गाडीचे जळके ऑइल अन्नाला लागणाऱ्या भागावर मुळीच लावू नये. बाहेरच्या पायांना रंग चालेल, आतून नाही.

सीखाही अशाच पुसून, तेल लावून कागदात गुंडाळाव्यात. जस्ताचा मुलामा असलेल्या सळया भाजण्यासाठी वापरूच नयेत. तापल्यावर त्यांचा धूर अपायकारक असतो.

ठेवण्याची जागा

सिगडी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी. ताडपत्रीने घट्ट बांधल्यास आत वाफ धरते. वरून झाकावे व खालून हवा खेळती ठेवावी. विजेचा ब्लोअर घरात कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा काही मिनिटे चालवावा. उरलेला कोळसा झाकणाच्या पिंपात भरावा. दमट कोळसा उशिरा पेटतो आणि धूर करतो. पावसामुळे बंद खोलीत सिगडी पेटविण्याचा मोह मात्र टाळावा. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो.

नव्या हंगामात प्रथम अर्धा तास सिगडी रिकामी तापवावी, पुसावी आणि मगच मांस लावावे.

हे सारे काम एका दुपारचे आहे. इस्लामने इसराफ (उधळपट्टी) नापसंत केला आहे. निष्काळजीपणाने अवजार गंजू देणे हीसुद्धा उधळपट्टीच नव्हे काय? गिऱ्हाईकाला हलालबरोबर पाक-साफ अन्न देणे ही आपली जबाबदारी आहे, आणि तिची सुरुवात स्वच्छ सिगडीपासून होते असे आम्हांस वाटते.