वर्गणीचा खेळ की विकतचा खेळ?

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंत जाणाऱ्या त्या नगरीच्या हमरस्त्यावर तीन प्रशस्त चौक आहेत. छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड ही त्यांची नावे. चौपड म्हणजे महाराष्ट्रातील सारीपाटाचेच उत्तरेकडील रूप. एकमेकांस छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचा तो पट आणि एकमेकांस छेदणारे हे रस्ते यांतील साम्य सहज नजरेत भरते. एक कापडी पट, सोळा सोंगट्या आणि कवड्या किंवा फासे एवढी सामग्री एकदा घरात आली, की ज्या पटावर आजोबा खेळले त्याच पटावर नातूही खेळे. खेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात उद्भवण्याचे कारणच नव्हते.

आज मात्र तो प्रश्न घरोघरी उद्भवला आहे. बदलीच्या नोकरीमुळे जयपुरात येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. मे महिन्याच्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. मुलगा आठवीत, मुलगी दहावीत; बैठकीच्या खोलीत दूरदर्शन संचाला जोडलेले व्हिडिओ गेमचे यंत्र. मुलगा म्हणतो, महिन्याची वर्गणी भरली तर शेकडो खेळ खेळता येतील. मुलगी म्हणते, आपल्याला हवा तो एकच खेळ विकत घ्यावा. वडिलांपुढे प्रश्न पडतो तो पैशांचा. परंतु वस्तुतः तो केवळ पैशांचा नाही.

वर्गणीची पद्धत मराठी माणसाला अपरिचित आहे असे नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ सालची. तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून गावोगावच्या वाचनालयांत अनामत ठेवून व वर्गणी भरून वाचकांनी पुस्तके घरी नेली आणि वाचून परत केली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जून २०१७ मध्ये एक्सबॉक्स गेम पास ही योजना सुरू केली, ती याच तत्त्वावर. सोनी कंपनीने जून २०२२ मध्ये आपल्या प्लेस्टेशन प्लस योजनेची तीन श्रेणींत फेररचना केली, तीही बव्हंशी याच विचाराने. वर्गणी चालू असेपर्यंत यादीतील खेळ यंत्रावर उतरवून घ्यावेत आणि खेळावेत. वर्गणी थांबली की त्यांची दारे बंद. वाचनालयाचे सभासदत्व संपल्यावर कपाटाची किल्ली मिळत नाही, तसेच हे.

आता हिशेब पाहू. केवळ उदाहरणादाखल मासिक वर्गणी ८०० रुपये आणि नव्या खेळाची किंमत ४,००० रुपये धरावी. वर्षाची वर्गणी ९,६०० रुपये होते. म्हणजे वर्षाकाठी तीन किंवा अधिक नवे खेळ घेणाऱ्याला वर्गणी स्वस्त आणि दोनच घेणाऱ्याला खरेदी स्वस्त. परंतु हा हिशेब येथेच थांबविणे बरोबर नाही. विकत घेतलेला खेळ तबकडीच्या रूपात असेल, तर तो खेळून झाल्यावर दुसऱ्यास विकता येतो. तो निम्म्या किमतीस गेला, तर खेळाचा खरा खर्च २,००० रुपयेच उरतो आणि वर्गणीच्या तेवढ्याच रकमेत जवळजवळ पाच खेळ खेळून होतात. शिवाय जुन्या खेळांच्या किमती काही महिन्यांत उतरतात. थोडा धीर धरणाऱ्याला ते बरेच स्वस्तात मिळतात. उलट तीन वर्षांत वर्गणीपायी २८,८०० रुपये जातात आणि शेवटच्या दिवशी हाती एकही खेळ राहत नाही. तेवढ्याच रकमेत नव्या दराने घेतलेले सात खेळ फळीवर असते.

वर्गणीचा दरही स्थिर नसतो. गेम पासची सर्वांत वरची श्रेणी २०१९ साली निघाली, तेव्हा अमेरिकेत तिचा मासिक दर सुमारे १५ डॉलर होता; ऑक्टोबर २०२५ मध्ये तो एकाएकी सुमारे २० डॉलरांवरून ३० डॉलरांवर नेण्यात आला. खरेदीदाराने एकदा दिलेली किंमत नंतर वाढत नाही. वर्गणीदार मात्र दरवाढीच्या सदैव छायेत असतो. यादीचीही तीच गत. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा प्रौढांसाठीचा गाजलेला खेळ गेम पासच्या यादीत जानेवारी २०२० मध्ये आला व मे महिन्यात गेला; एप्रिल २०२१ मध्ये परत आला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा गेला. अर्ध्यावर खेळ आणून ठेवलेल्याची अशा वेळी कशी निराशा होत असेल, हे सांगावयास नको.

मग वर्गणी सर्वथा तोट्याचीच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. धाकट्या भावाला असुराच्या तावडीतून सोडविण्यासाठी निघालेल्या मुलीची ती कथा. आणि तिच्यातील महाल, तट व जाळीदार सज्जे यांवर राजस्थानच्या वास्तुकलेची छाप उघड दिसते. असा खेळ काही तासांत पुरा होतो. अशा छोट्या, वेगळ्या वाटेच्या खेळांना पूर्ण किंमत मोजण्यास सामान्य गृहस्थ कचरतो. ते यादीत असले, तर सहज चाखून पाहतो. रुची विस्तारण्याचे हे काम वाचनालयांनीही केले आहे. जे पुस्तक कोणी विकत घेतले नसते, ते वर्गणीमुळे शेकडो घरांत वाचले गेले. शिवाय परीक्षा संपल्यावर दोन महिने वर्गणी भरावी आणि शाळा सुरू होताच ती थांबवावी, हा मार्ग मोकळा असतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप जाणाऱ्या रकमेची पूर्वसूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळते. १ ऑक्टोबर २०२१ पासून या नियमांची कसोशीने अंमलबजावणी होऊ लागली. ती सूचना वाचण्याचा आळस केला नाही, तर न खेळलेल्या महिन्यांचे पैसे वाचतात.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पैशांची पैज लावून खेळावयाच्या खेळांवर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. परंतु करमणुकीच्या खेळासाठी घेतली जाणारी वर्गणी किंवा एकरकमी प्रवेशशुल्क ही पैज नसल्याने त्याच कायद्याने तिला वाव ठेवला आहे. दुसरे असे, की १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान मुलाला करार करता येत नाही. म्हणून खाते पालकाच्या नावे असावे आणि त्याची किल्लीही पालकाच्याच हाती असावी.

परंतु या साऱ्या विवेचनात एक गृहीत धरलेली गोष्ट तपासावयाची राहिली. विकत घेतलेला खेळ खरोखरच विकत घेणाऱ्याचा होतो काय? तबकडी न घेता कंपनीच्या दुकानातून थेट यंत्रावर उतरविलेला खेळ हा बहुधा मालकीचा नसून परवान्याचा असतो. तो दुसऱ्यास विकता येत नाही, उसना देता येत नाही. यूबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतींचा खेळ कंपनीच्या संगणकांशी जोडल्यावाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी ते संगणक बंद करण्यात आले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, तबकडी ज्यांच्या हातात होती, त्यांचाही खेळ संपला. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याने ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. शब्दाचा प्रामाणिकपणा राखण्यासाठी कायदा करावा लागावा, यातच पुष्कळ काही आले.

तात्पर्य, वर्गणी ही विविधतेची किंमत आहे आणि खरेदी ही सोबतीची. गृहस्थाने यादीत किती खेळ आहेत हे न मोजता, गेल्या वर्षभरात आपल्या घरी किती खेळ खरोखर पुरे झाले आणि कोणता पुन्हा पुन्हा काढला गेला, हे मोजावे. जे चाखून पाहावयाचे, त्यासाठी सुट्टीपुरती वर्गणी भरावी. ज्याच्याकडे मन वारंवार वळते, तो खेळ विकत घ्यावा. आणि शक्य तर जाळ्याशी न जोडताही चालेल असा, तबकडीच्या रूपात घ्यावा. जयपुरातील त्या घरी मुलगा आणि मुलगी दोघांचेही म्हणणे अशा रीतीने आपापल्या जागी खरे ठरते.

पुढे वडिलांची पुन्हा बदली होईल, सामानाच्या पेट्या भरल्या जातील. वर्गणीने खेळलेल्या शेकडो खेळांपैकी त्या पेट्यांत काहीच जाणार नाही. गेल्या तर चार-दोन तबकड्या जातील. चौपडीचा पट गुंडाळून नेताना कोणाची परवानगी लागत नसे. नव्या खेळांपैकी निदान एखादा तरी त्याच स्वातंत्र्याने मुलांबरोबर पुढच्या गावी जावा, एवढी दक्षता आजच्या गृहस्थाला घेता येण्यासारखी आहे.