हायडेलबर्गमध्ये शनिवार-रविवार

मी सोलापूरचा माणूस. परगावी दोन दिवस जायचं म्हणजे पंढरपूर, नाहीतर गाणगापूर. पहाटे उठायचं, एसटी धरायची, पोहोचल्यावर जे मिळेल ते खायचं. आमच्या प्रवासाचा बेत म्हणजे एवढाच. २०२४ च्या जूनमध्ये मुलीकडं म्युनिकला गेलो तेव्हा हीच सवय सोबत नेली होती, आणि ती एका रविवारी चांगलीच अंगाशी आली. म्हणून आज सांगतोय. आता आपल्या घराघरांतून मुलं-मुली जर्मनीत आहेत. आईबाप भेटायला जातात, आणि मुलांना सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारचीच.

मुलीनं विचारलं, "अब्बा, कुठं जायचं?" मी म्हटलं, हायडेलबर्ग. दीड लाखाच्या आसपास वस्तीचं, नेकर नदीकाठचं हे गाव. विद्यापीठ १३८६ सालचं. मला ओढ होती ती दोन माणसांमुळं. पहिले गुंथर सोन्थायमर. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यामागं धनगरांच्या वाड्यांवरून हिंडलेला हा जर्मन माणूस इथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचा. १९९२ साली ते गेले. दुसरे इक्बाल. १९०७ साली तिशीतले इक्बाल जर्मन शिकायला इथं राहिले होते. पुढं राजकारणात त्यांचं नाव कुठं जोडलं गेलं ते सर्वांना ठाऊक आहे. पण नेकरकाठच्या एका संध्याकाळीवर त्यांची एक छोटी उर्दू कविता आहे, तिच्यात शांततेखेरीज जवळजवळ काहीच नाही. ती मी कॉलेजात असताना वाचली होती. तो काठ बघायचा होता.

आता प्रवासाचं. तिकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. मात्र स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. आपल्या चुकीनं ती चुकली, की तिकीट वाया. सावकाश जायची तयारी असेल तर प्रत्येक राज्याचं एक दिवसाचं तिकीट मिळतं. त्यावर पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं, पण फक्त लहान टप्प्याच्या गाड्यांनी. दर महिन्याचं 'डॉइचलँड तिकीट' असतं, तेही या लहान गाड्यांनाच चालतं. ते ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झालं. एका सहलीसाठी घ्यायचं तर ते वेळेवर रद्द करायचं लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात.

हायडेलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून अडीचेक किलोमीटर दूर आहे. ट्रामनं बिस्मार्कप्लाट्झला उतरायचं. तिथून गाड्यांना बंदी असलेला लांबलचक हाउप्टश्ट्रासं हा बाजाररस्ता सुरू होतो. जुन्या गावात फरसबंदी दगडांवरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे शिक्षाच. शिवाय रात्री विद्यार्थ्यांचा गलबला. आमच्या वयाच्या लोकांनी बिस्मार्कप्लाट्झच्या आसपास उतरावं हे उत्तम.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. थोडीबहुत नव्हे, जवळजवळ सगळी. रविवार विश्रांतीचा, हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलेलं कलम १९४९ च्या राज्यघटनेनंही तसंच ठेवलं. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं, काही तास बेकऱ्या आणि हॉटेलं तेवढी चालू. म्हणून पाणी, फळं, औषधं, जे काय घ्यायचं ते शनिवारी. रविवार ठेवायचा किल्ल्याला, टेकडीला, नदीला. आणि कुठल्या संस्थेत किंवा ग्रंथालयात काम असेल, तर शुक्रवार हाताशी हवा. मी शनिवारी सोन्थायमरांच्या संस्थेपुढं जाऊन उभा राहिलो, तर दार बंद. पाटी वाचली आणि परतलो.

शनिवारचा बाकीचा दिवस मात्र छान गेला. बाजारचौकातलं होली घोस्ट चर्च बघाच. या चर्चच्या आत १७०६ साली भिंत घातली होती. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. ती कायमची पडली थेट १९३६ साली. देव एक, छप्पर एक, आणि मधे भिंत! मी तिथं बराच वेळ बसून राहिलो. याच चर्चच्या सज्ज्यांमध्ये एक मोठा ग्रंथसंग्रह होता. तीस वर्षांच्या युद्धात गाव पडलं आणि १६२३ मध्ये तो रोमला गेला. जर्मन हस्तलिखितं १८१६ साली परत आली, पण संग्रहाचा मोठा भाग अजून व्हॅटिकनमध्येच आहे.

जवळच विद्यार्थ्यांचा जुना तुरुंग आहे. दंगा केला की विद्यापीठच पोरांना कोंडायचं, १९१४ पर्यंत. पोरांनी भिंती नि छतं काजळीनं, रंगानं भरून टाकलीयत. नावं, चेहरे, टवाळी. तिथल्या मजकुराला संपादक नव्हता, हे दिसतंच. जुना पूल १७८८ चा. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच तो उडवला, १९४७ पर्यंत लोकांनी पुन्हा बांधला.

खाण्याचं म्हणाल तर तुर्की दुकानं पावलोपावली आहेत, आमची सोय झाली. जे मांस खात नाहीत किंवा डुक्कर खात नाहीत त्यांनी 'श्पेक' हा शब्द पाठ करावा. बटाट्याच्या साध्या सूपमध्येही तो निघतो.

रात्री बायकोनं पर्स उपसली. रक्तदाबाच्या गोळ्या म्युनिकला राहिल्या होत्या. चूक माझी, औषधांची पिशवी मीच टेबलावर ठेवली होती. सकाळी तिचं डोकं जड झालं, चक्कर यायला लागली. रविवार. सगळी औषधदुकानं बंद.

तेव्हा मुलीनं काय केलं ते नीट ऐका. तिथं रात्री आणि रविवारी पाळीपाळीनं काही औषधदुकानं चालू ठेवतात, कुठलं दुकान चालू आहे ते बंद दुकानांच्या दारावर लिहिलेलं असतं. पण अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. त्यासाठी ११६११७ हा फोन. जिवावरचं असेल तर ११२. नसेल तर हा. त्यांनी सुट्टीच्या दिवशीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली गोळी? बायको म्हणाली, गुलाबी, छोटी. आम्हाला कंपनीचं नाव अर्धवट आठवत होतं, आणि ते नाव तिथं कुणाला कळणार? शेवटी सोलापूरला फोन लावला. तिथं दुपार व्हायला आली होती. नेहमीच्या दुकानदारानं जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यावर मूळ औषधाचं नाव होतं, अॅम्लोडिपीन. बाईंनी लगेच मान हलवली, दाब मोजला, चिठ्ठी दिली. औषधदुकानाच्या बंद दारातल्या छोट्या खिडकीतून गोळ्या मिळाल्या, सुट्टीचे अडीच युरो जादा देऊन. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहून घ्या. एक प्रत खिशात, एक फोनमध्ये. प्रवासाचा विमा काढलेला असेल तर पावत्याही जपून ठेवा.

या सगळ्यात दुपार झाली. परतीची गाडी संध्याकाळची, तीही बांधलेली. किल्ल्याचं तिकीट घेतलं की वर नेणारी केबलची रेल्वे त्यातच येते, वर दोन लाख लिटरहून मोठं दारूचं पिंप आहे, फ्रेंचांनी १६८९ आणि १६९३ मध्ये फोडलेले बुरूज आहेत, हे सगळं मी वाचून गेलो होतो. पण किल्ला आणि नदीकाठ, दोन्ही आता होणार नव्हतं. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "किल्ला तो यहाँ से बी दिखताय ना."

नॉयेनहाइम भागात इक्बाल राहायचे त्या घरावर पाटी आहे. काठावरच्या एका रस्त्याला त्यांचं नावही दिलंय. आम्ही मात्र गवताच्या मोठ्या पट्ट्यावर जाऊन बसलो. समोर नदी, पलीकडं लाल दगडाचा तो किल्ला. बायको गोळी घेऊन माझ्या कोटाची उशी करून झोपली. मुलगी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होती. दर बाटलीमागं पंचवीस सेंट परत मिळतात, पण घेणारी दुकानं बंद, म्हणून पाचही बाटल्या तिनं म्युनिकपर्यंत वाहून नेल्या. गाडीला दीड तास होता. मी कविता आठवत बसलो. चार ओळी आठवल्या, पुढच्या नाही.