लॅपटॉपची भूक किती?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

विजेच्या बाबतीत सोलापूरच्या माणसाला एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडच्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत बांधलं गेलं. ती गाठ आपल्या जिल्ह्यात मारली गेली. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्पही उभा राहिला. एवढं सगळं उशाला असताना संध्याकाळी सहाचा ऑनलाइन तास सुरू करावा, पाढे नाहीतर इंग्रजीची वाक्यं रंगात यावीत आणि लाईट जावी, हा अनुभव माढ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही वस्तीवरच्या शिक्षकाला विचारा.

२००५ ते २०१२ या काळातलं रोजचं, वेळापत्रक लावून होणारं भारनियमन आता राहिलेलं नाही, हे खरं. पण एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हा ते पुन्हा डोकावून गेलंच. शिवाय आपल्याकडे लाईट जाण्याची कारणं टंचाईपुरती थोडीच असतात? वळवाचा पाऊस येतो, तारांवर फांदी पडते. डीपी जळते आणि ती बदलून मिळेपर्यंत दोन-चार दिवस जातात. गावठाणापासून लांब, शेतात राहणाऱ्या कुटुंबांच्या घरात शेतीपंपाच्या लाईनवरची वीज असेल, तर थ्री फेजच्या पाळीप्रमाणे दिवस मोजावा लागतो. पंप एकदम सुरू झाले की दिवा मिणमिणतो, तो प्रकार निराळाच.

अशा ठिकाणी राहून शिकवणाऱ्याने लॅपटॉप कुठला घ्यावा, हा आजचा विषय. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा घरोघरी आला. त्या वर्षी आपल्याच शहरातल्या निलम नगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, कारण कामगार वस्तीतल्या अनेक घरांत स्मार्टफोनच नव्हता. माझ्या मते तो उपाय फार शहाणपणाचा होता. भिंतीला चार्जिंग लागत नाही. पण दहावीची शिकवणी, स्पर्धा परीक्षेचे वर्ग, परगावच्या किंवा परदेशातल्या मुलांना मराठी शिकवणं, हे आता ऑनलाइन रुळलं आहे. त्यासाठी घरात यंत्र लागतंच, आणि ते घेताना बहुतेक जण चुकीचा प्रश्न विचारतात. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, ‘फास्ट आहे ना?’ खरं तर विचारायला हवं, ‘हा खातो किती?’

हे खाणं मोजायची दोन मापं आहेत, वॅट आणि वॅट-तास. पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी किती मावतं, ते वॅट-तास. तोटीतून ते किती वेगाने वाहतं, ते वॅट. टाकी ५० वॅट-तासांची आणि तोटी १० वॅटची असेल, तर पाणी पाच तास पुरेल. तीच तोटी २५ वॅटची असेल, तर दोन तासांत टाकी कोरडी. जाहिरातीतले ‘दहा तास बॅकअप’ हे शब्द पडद्याचा उजेड मंद ठेवून, फार काही न करता मोजलेले असतात. तुमचा कॅमेरा, माइक, वायफाय आणि व्हिडिओ एकदम चालू असताना ते दहा तास कुठल्या कुठे जातात.

कमी खाणारा लॅपटॉप मुद्दाम बनवायचा, हा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर एकदा झाला आहे आणि त्याची एक कसोटी महाराष्ट्रातही लागली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ नावाची ती योजना होती. अमेरिकेतले निकोलस निग्रोपॉन्टे तिचे प्रवर्तक. शंभर डॉलरमध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप, अशी घोषणा होती. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत नमुना दाखवला, तेव्हा त्याला वीज निर्माण करण्यासाठी हाताने फिरवायचा दांडा होता. तो दांडा खुद्द कोफी अन्नान यांच्या हातात निखळून आला! पुढच्या यंत्रात दांडा गेला, पण त्यामागचा विचार राहिला: हाताने फिरवून माणूस जेमतेम पाच-दहा वॅट काढू शकतो, तेव्हा यंत्रच त्या मापाचं हवं. २००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारने या योजनेला नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातात आले. सगळा महाराष्ट्र भारनियमनात होता, ते हे दिवस.

त्या यंत्राचं पोट फक्त वीस-बावीस वॅट-तासांचं. त्या वेळचा साधा लॅपटॉप वीस-तीस वॅट सहज घ्यायचा. हा दोन ते पाच वॅटवर चालायचा. कसा? त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, पंखा नव्हता, प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्या काळातही मंदच. पण सगळ्यात मोठी बचत पडद्यात होती. पडद्यामागचा दिवा पूर्ण बंद केला तरी उन्हात अक्षरं वाचता येत, कागदावर येतात तशी. योजना पुढे तिच्या प्रवर्तकांना हवी होती तेवढी पसरली नाही, किंमतही शंभर डॉलरवर थांबली नाही. तरी लॅपटॉपमध्ये वीज कुठे जाते, हे त्या यंत्राने दाखवून दिलं. ती जाते पडद्यात, प्रोसेसरमध्ये आणि पंख्यात.

आजच्या दुकानात उभं राहिल्यावर हेच तीन भाग बघायचे आहेत. पडदा पंधरा-सोळा इंची दिसायला छान, पण शिकवायला तेरा-चौदा इंच पुरतात आणि मागचा दिवा तेवढा लहान राहतो. प्रोसेसरच्या बाबतीत इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा. ‘यू’ असेल तर तो साधारण १५ वॅटच्या वर्गातला. ‘एच’ असेल तर त्याची भूक ४५ वॅटच्या आसपासची. गेम खेळणाऱ्या आणि चित्रपट संकलन करणाऱ्या मंडळींसाठी तो आहे, पाढे शिकवायला नव्हे. इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन १०० हा तर सहा वॅटच्या वर्गातला आहे. तो फार वेगवान नाही. पण व्हिडिओ तास, पीडीएफ आणि एक फळा एवढं त्याला झेपतं, फक्त रॅम आठ जीबी तरी असावी. हे आकडे एकट्या प्रोसेसरचे, बाकीचं वेगळं. आणि काम अंगावर आलं की थोडा वेळ प्रोसेसर या आकड्यांच्या वरही जातो. गेमसाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप कितीही सवलतीत मिळो, आपल्या कामाचा नाही. ॲपलचा एम १ प्रोसेसरचा मॅकबुक एअर २०२० मध्ये आला, त्यात पंखाच नाही, बॅटरी सुमारे ५० वॅट-तासांची; विजेच्या हिशेबात तो उत्तम, खिशाच्या हिशेबाचं ज्याचं त्याने बघावं.

बॅटरीचे वॅट-तास खोक्यावर किंवा तळाच्या पट्टीवर लिहिलेले असतात. नुसते मिलिअँपिअर-तास दिले असतील, तर त्यांना हजाराने भागून व्होल्टने गुणा. ३६०० मिलिअँपिअर-तास आणि ११.४ व्होल्ट म्हणजे सुमारे ४१ वॅट-तास. पन्नासच्या खाली शक्यतो जाऊ नये, असं मी म्हणेन.

आणि दुकानदाराची परवानगी काढून एक चाचणी करा. लॅपटॉप पूर्ण चार्ज असताना प्लग काढा, उजेड सत्तर टक्क्यांवर ठेवा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरच्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावून अर्धा तास बसा. बॅटरी ५० वॅट-तासांची आणि १२ टक्के उतरली, तर अर्ध्या तासात सहा वॅट-तास गेले. म्हणजे भूक १२ वॅटची. अशा यंत्रावर चार तास शिकवता येईल. तीच बॅटरी २५ टक्के उतरली, तर दोन तासांत तास संपला म्हणून समजा. अर्धा तास बसायला लाजू नका. साडी घेताना आपण दोन तास बसतोच की.

आता तुम्ही म्हणाल, घरात इन्व्हर्टर आहे, मग ही काटकसर कशाला? इन्व्हर्टरचाही हिशेब करू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण ती टिकायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. तिच्यावर ७५ वॅटचा छताचा पंखा, २० वॅटचा दिवा, १० वॅटचा राउटर आणि १५ वॅटचा लॅपटॉप, असे १२० वॅट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून पाच-सहा तास. यात सगळ्यात खादाड पंखा आहे, लॅपटॉप नव्हे! पण मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना सोलापूरकराला पंखा बंद करायला सांगण्याची माझी हिंमत नाही. फार तर तीस वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा बसवा, एवढंच सुचवतो.

लाईट गेल्या गेल्या लॅपटॉपचा चार्जर मात्र प्लगमधून काढून ठेवा. चार्ज होताना लॅपटॉप १५ नव्हे, ४०-६० वॅट ओढतो. आधी त्याची स्वतःची टाकी वापरायची, इन्व्हर्टरची नंतर. प्लग काढण्याचं दुसरंही कारण आहे. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाब तो निभावून नेतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. पण लाईट परत येताना दाब उसळतो, आणि डीपीवर न्यूट्रल तुटला असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. तेव्हा परत आलेली लाईट पाच मिनिटं स्थिर दिसू द्या, मग प्लग लावा.

इन्व्हर्टरमध्ये आणखी एक वळसा आहे. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज आधी २३० व्होल्टची एसी करायची, मग चार्जरने तिची पुन्हा डीसी करायची. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन जाते. नुसता लॅपटॉप चालवायला हा वळसा नको असेल, तर यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारा लॅपटॉप निवडा. मग ट्रॅक्टरच्या किंवा सौर दिव्याच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून, मोटारीत वापरतात त्या ४५ किंवा ६५ वॅटच्या चार्जरने, तो थेट चालतो. दमदार पॉवर बँकेवरही चालतो. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले साठ हाती येतील. १२ वॅटच्या लॅपटॉपला आणखी पाच तास! मात्र पॉवर बँक लॅपटॉपपुरते वॅट देणारी हवी. मोबाइलपुरती असेल, तर लॅपटॉप तिला ओळखही दाखवत नाही.

लॅपटॉप चालू राहिला आणि राउटर झोपला, तर उपयोग काय? १२ व्होल्टच्या राउटरला लहानसा मिनी यूपीएस मिळतो, तो घ्यावाच. फायबरच्या जोडणीत केबलवाल्याच्या टोकालाही वीज लागते, आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही लांबलेल्या खंडात बसतात. म्हणून मुलांशी आधीच ठरवून ठेवा की कॅमेरा बंद झाला तर आवाजावर तास चालेल आणि आवाजही गेला तर पाठ्यपुस्तकाचं अमुक पान सोडवायचं. कॅमेरा बंद केला की वीज आणि डेटा दोन्ही वाचतात. पाठीमागचं दृश्य धूसर करण्याची सोय तर बंदच ठेवा, प्रोसेसरला ती उगाच राबवते. अंगणात लिंबाखाली बसून शिकवण्याची हौस असेल तर सावधान. खैराटच्या त्या पडद्यासारखा पडदा आज दुकानात मिळत नाही, उजेड शंभर टक्के करावा लागतो आणि बॅटरी बघता बघता उतरते.

लिथियमच्या बॅटरीला आपला उन्हाळा मानवत नाही. पत्र्याच्या खोलीत, शंभर टक्के भरलेली, दिवसरात्र प्लगला लावलेली, अशी बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती एरवी चालू ठेवा आणि आभाळ भरून आलं किंवा वीज बंद राहणार असल्याचा निरोप आला की त्या दिवसापुरती काढा.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. कार्यालयांतून निघालेले, चौदा इंची, ‘यू’ वर्गातले लॅपटॉप चांगले असतात आणि मजबूतही. विंडोजमध्ये ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी लिहून येते. मूळ ५० आणि आज २८ असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला, आणि ती बॅटरी बाजारात मिळते का, तेही विचारा. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, वीजही वाचेल आणि यंत्र झटकन सुरू होईल. शेवटी लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळ्यांच्या पातळीवरून बघा. तो डगमगत असेल किंवा टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली आहे. तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका.